चिमूटभर खाणं, टाकीभर शेवाळ

त्यांचं खरं नाव बाजारात कुणालाच माहीत नव्हतं आणि कुणाचं त्यावाचून अडतही नव्हतं. एकतीस वर्षं दुकानादुकानांतली वजनमापं तपासण्याची नोकरी केल्यावर ते सगळ्यांचे मापसाहेब झाले होते. ते नुसते दारात येऊन उभे राहिले तरी तराजूचा काटा ताठ होतो, असं किराणावाले म्हणत. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी सवय काही सुटली नव्हती. दूध ओतलं की ते पातेल्याच्या काठाला डोळा लावून बघत. साखरेचा डबा गेल्या वेळेपेक्षा दोन दिवस आधी संपला, तर जेवताना त्याची चौकशी होई. त्यांची बायको, म्हणजे सगळ्यांच्या साहेबीणबाई, हे सगळं ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या. आपलं लग्न एका मोजपट्टीशी झालंय हे त्यांनी फार पूर्वीच मान्य केलं होतं.

अशा माणसाच्या एकुलत्या एक लेकीने बोटीवरच्या आचाऱ्याशी लग्न केलं.

जावई मालवाहू बोटीवर बावीस माणसांचा स्वयंपाक करायचा. माणूस कष्टाळू, हसरा, निर्व्यसनी. लेक सुखात होती. तक्रारीला कुठे जागाच नव्हती आणि मापसाहेबांची खरी पंचाईत तीच होती. त्यांना जावयाचा एकच शब्द खुपायचा. अंदाजे. रश्श्यात मीठ किती घातलं, तर अंदाजे. बोट कधी सुटणार, तर अंदाजे मंगळवारी. पहिल्याच भेटीत त्यांनी सहज उंची विचारली होती, तर हा गडी स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "असेन अंदाजे एवढा." त्या दिवसापासून मापसाहेब त्याच्याशी अतिशय सभ्यपणे वागत. त्याला 'जावईबापू' म्हणत, अहोजाहो करत आणि दोन वाक्यांपलीकडे बोलत नसत.

जावयाला एकच नाद होता. बैठकीच्या खोलीत भिंतीला लागून त्याने चार फुटांची काचेची टाकी मांडली होती. मासे त्यात होते, पण नावापुरते. निळ्या-लाल पट्ट्यांचे, करंगळीच्या पेराएवढे सतरा टेट्रा. खरा जीव होता तो झाडांमध्ये. एका वाकड्यातिकड्या खोडावर त्याने गडद हिरवी नेची बांधली होती, मागे उंच लालसर देठांची रांग, पुढे गवताची गादी आणि पाण्याच्या वर नाण्याएवढी गोल पानं तरंगत असायची. येणारा प्रत्येक जण टाकीसमोर दोन मिनिटं थांबायचा. मापसाहेब थांबत नसत. पाण्यात गवत लावणारा माणूस जमिनीवर काय लावणार, असं त्यांनी एकदा घरी येऊन म्हटलं होतं.

त्या वर्षी जावयाची दहा आठवड्यांची फेरी ठरली आणि निघायच्या सहाच दिवस आधी लेक जिन्यावरून घसरली. उजवं मनगट मोडलं, हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये गेला. ती रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत कामाला होती, तिथे तिला टेबलावरचं काम मिळालं. पण घरात एका हाताने भागेना. तेव्हा गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणारे आईबाप दोन बॅगा घेऊन लेकीकडे राहायला आले. स्वयंपाक साहेबीणबाईंकडे गेला, केरफरशी पूर्वीपासूनच्या मावशींकडे राहिली आणि टाकी, इतर कुणाला बादल्या उचलणं झेपणार नाही म्हणून, मापसाहेबांच्या वाट्याला आली.

निघताना जावयाने त्यांच्या हातात एक कागद दिला. त्यावर पाच गोष्टी लिहिल्या होत्या. दिव्याच्या टायमरला हात लावू नये. खाणं एक दिवसाआड, चिमूटभर. रविवारी अंदाजे पाव टाकी पाणी बदलावं, नवं पाणी आदल्या दिवशी भरून ठेवलेलं असावं. वरची तरंगती पानं फार वाढली तर थोडी काढावीत. फिल्टरचा स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळावा.

मापसाहेबांनी कागद चष्मा लावून दोनदा वाचला. चिमूटभर, अंदाजे, फार, थोडी. पाच ओळींत चार ठिकाणी कायद्याला न बसणारी मापं. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि जावयाला "काळजी करू नका" एवढंच सांगितलं.

बोट सुटली आणि मापसाहेबांनी तपासणी सुरू केली.

पहिल्यांदा नजरेत भरला तो दिवा. दुपारी दोनला लागायचा आणि रात्री आठला विझायचा. सहा तास. सूर्य बारा तास उजेड देतो आणि जावईबापू झाडांना अर्ध्याच मापात उजेड देतायत, हे त्यांना सरळसरळ काटा मारणं वाटलं. त्यात कागदावर 'हात लावू नये' असं लिहिलेलं. जो दुकानदार 'साहेब, तेवढ्या तराजूला हात लावू नका' म्हणतो, त्याच तराजूला आधी हात लावायचा असतो, हे त्यांना नोकरीच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं. त्यांनी टायमर फिरवून चौदा तासांवर ठेवला.

मग तरंगती पानं. 'थोडी काढावीत' म्हणजे किती? पाव किलो? ओंजळभर? प्रश्नच मिटावा म्हणून त्यांनी सगळीच काढली आणि कचऱ्यात टाकली. टाकी एकदम लख्ख झाली. साहेबीणबाईंनीही मान डोलावली.

राहिलं खाणं. निवृत्तीच्या दिवशी हाताखालच्या लोकांनी त्यांना दागिने तोलायचा एक छोटा काटा भेट दिला होता, खिशात मावेल एवढा. तो त्यांनी बाहेर काढला. चिमूट हे माप नाही, तेव्हा व्यवहाराला सोपं म्हणून त्यांनी तिचा भाव एक ग्रॅम ठरवला. एक दिवसाआड, सकाळी नऊ वाजता, बरोबर एक ग्रॅम.

दोन आठवडे टाकी अशी वाढली की त्यांना स्वतःचाच अभिमान वाटू लागला. झाडं तरारली. मासे त्यांना ओळखायला लागले. ते खोलीत आले की सतराच्या सतरा काचेपाशी धावत. नोकरीच्या एकतीस वर्षांत मापसाहेब आले म्हणून कुणी पुढे धावलं नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात काचेवर हिरवी धूळ दिसली. त्यांनी ती स्पंजने पुसली. तीन दिवसांनी ती परत आली. पुन्हा पुसली, दोन दिवसांनी परत. चौथ्या आठवड्यात नेच्यांच्या पानांना हिरवे केस फुटले, लांबलचक, बोटात धरले तर निसटणारे. लेकीने सांगितलं की ते टूथब्रशला गुंडाळून काढतात, तिने नवऱ्याला तसं करताना पाहिलं होतं. मग मापसाहेब रोज सकाळी बाही दंडापर्यंत सरकवून टाकीत हात घालत आणि टूथब्रश गोल गोल फिरवून केस ओढून काढत. एके दिवशी साहेबीणबाईंनी न्हाणीघरातून विचारलं की माझा ब्रश कुठे गेला. त्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही, दुपारी नवा ब्रश मात्र आला.

ते रोज मूठभर शेवाळ काढत, तोलत आणि वहीत लिहीत. बारा ग्रॅम. अठरा ग्रॅम. सव्वीस ग्रॅम. जितकं काढावं तितकं वाढत होतं. पाचव्या आठवड्यात तर पाणीच हिरवं झालं. आधी फिकट, मग असं दाट की मागचं खोड दिसेना. मासे एकदम हिरव्या धुक्यातून बाहेर येत आणि परत नाहीसे होत. शेजारच्या काकू आल्या आणि भाजीचं पाणी इथे का साठवलंय म्हणून विचारून गेल्या.

जावयाला हे कळू द्यायचं नाही, असं कुणी ठरवलं नव्हतं. पण बोटीला नेटवर्क मिळालं की आठवड्यातून एकदा त्याचा व्हिडिओ फोन यायचा आणि तो बायकोच्या हाताची चौकशी झाली की टाकीचं विचारायचा. पहिल्यांदा लेकीने दिवा बंद आहे म्हणून सांगितलं. दुसऱ्यांदा तिने मोबाइलमधला जुना फोटो पाठवला. पुढच्या आठवड्यात त्याच दिवशीचा दुसरा. फोन चालू असताना साहेबीणबाई टाकीसमोर पदर पसरून उभ्या राहत आणि स्वयंपाकाचं काहीतरी विचारून विषय वळवत. मापसाहेब कोपऱ्यात खुर्चीवर बसून हे सगळं बघत. याहून कमी खोटेपणासाठी त्यांनी दुकानं सील केली होती. पण तोंड उघडावं तर हिरवं पाणी कुणामुळे झालं हा प्रश्न येणार, आणि तो यायच्या आत आपण टाकी ताळ्यावर आणू अशी त्यांना आशा होती.

त्या आशेपायी त्यांनी एक दिवस मोठी सफाई काढली. जवळजवळ सगळं पाणी उपसलं. दगड घासले, खोड घासलं. फिल्टरचा स्पंज इतका काळा आणि बुळबुळीत झाला होता की तो टाकीच्या पाण्यात पिळणं त्यांना गलिच्छ वाटलं. त्यांनी तो कडकडीत गरम पाण्यात धुण्याच्या सोड्याने धुतला आणि नळाखाली धरून पांढरा शुभ्र केला. नळाचंच पाणी टाकीत भरलं. संध्याकाळी टाकी दुकानातून आणल्यासारखी चकचकीत दिसत होती आणि मापसाहेबांनी लेकीला खुशाल आजचा फोटो पाठव म्हणून सांगितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते चहाचा कप घेऊन बैठकीत आले, तर मासे काचेपाशी धावले नाहीत. सगळे पाण्याच्या वरच्या थराला तोंडं लावून भराभर श्वास घेत होते. दोन उलटे तरंगत होते. एक खोडाला टेकून आडवा पडला होता.

मापसाहेबांनी कप टेबलावर ठेवला आणि तिन्ही मासे चहाच्या गाळणीने बाहेर काढले. ते त्यांनी वर्तमानपत्राच्या तुकड्यावर ओळीने ठेवले. लेक उठून आली, तिने कागदाकडे पाहिलं आणि त्याची कड माशांवर अलगद दुमडली. तेच त्यांना जास्त लागलं.

रंगीत माशांचं दुकान तीन गल्ल्या सोडून होतं. ते चालवणारी बाई पस्तिशीची असेल. भिंतीभर टाक्या, त्यांच्या निळसर उजेडात ती स्टुलावर बसून एका नळीतून पाणी ओढत होती. मापसाहेबांनी झालेला प्रकार सांगायला सुरुवात केली, तर तिने त्यांना मध्येच थांबवलं आणि आपले प्रश्न सुरू केले. दिवा किती तास? स्पंज कशात धुतला? पाणी किती बदललं? तरंगती पानं कुठे गेली? प्रत्येक उत्तरावर ती फक्त "बरं" म्हणत होती. मापसाहेबांना त्या "बरं"ची ओळख पटली. एकतीस वर्षं ते दुकानदारांना याच सुरात "बरं" म्हणत आले होते, आणि काउंटरच्या या बाजूने ते ऐकायला कसं वाटतं हे त्यांना आज कळत होतं.

शेवटी तिने विचारलं, "काका, तुम्ही वजनमापंवाले साहेब ना?"

त्यांनी मान हलवली.

"मी सातवीत असताना तुम्ही आमच्या बाबांचा तराजू जप्त केला होता. कोपऱ्यावरचं किराणा दुकान."

मापसाहेबांना दुकान आठवलं, दुकानदार आठवला आणि आकडाही आठवला. "किलोमागे पस्तीस ग्रॅम," ते म्हणाले.

"हो. पण गिऱ्हाइकाला जास्त जात होते पस्तीस ग्रॅम. बाबा म्हणाले, साहेब, मीच बुडतोय यात, मग जप्ती कशाला. तुम्ही म्हणालात, चूक ती चूक, तिला बाजू नसते."

हे वाक्य आपण म्हटलं असणार याची मापसाहेबांना खात्री होती. बाईने हात पुसले. मग तिने सांगितलं की बाबा तेव्हा दोन दिवस घरात तोंड पाडून बसले होते, पण नवा तराजू आल्यावर सहा महिन्यांत घरात पंखा लागला. दहा वर्षं आपण गावाला फुकट साखर वाटत होतो, हे त्यांना तोवर कळलंच नव्हतं. पुढे ते ही गोष्ट येईल त्याला हसत हसत सांगायचे. एवढं बोलून तिने एका टाकीतला जुना, काळाकुट्ट स्पंज काढून ओलाच पिशवीत घातला, बाकीचं लागणारं सामान आणि खाण्याचा एक डबा बरोबर घेतला, दुकानाच्या दारावर 'लवकरच येते'ची पाटी अडकवली आणि म्हणाली, "चला. आता मी तुमची जप्ती करते."

घरी येऊन तिने आधी माशांचं पाहिलं. पाणी निम्मं बदललं, त्यात क्लोरीन मारायचे थेंब टाकले, हवेचा पंप लावला आणि आपला तो घाणेरडा स्पंज फिल्टरमध्ये बसवला. त्या काळ्या बुळबुळीतच टाकीची घाण पचवणारे जीव राहतात, तुम्ही त्यांनाच धुऊन काढलंत, हे तिने मापसाहेबांना शांतपणे समजावलं. माशांच्या अंगातून निघणारी घाण मग पचवणार कोण? त्या विषाने मासे वर आले. मापसाहेब वहीत लिहून घेत होते.

मग तिने खाण्याचा डबा मागवला आणि हलवून पाहिला. डबा रिकामा होता. आतापर्यंत किती खाणं टाकलं, हे विचारल्यावर मापसाहेबांनी वही काढून हिशेब केला. एक दिवसाआड एक ग्रॅम, म्हणजे आतापर्यंत अठरा ग्रॅम. डबा शंभर ग्रॅमचा होता, जावई निघाला तेव्हा जवळजवळ पाऊण भरलेला.

मापसाहेबांनी हळूच चष्मा काढला आणि आपल्या कुटुंबाकडे पाहिलं. अशा नजरेने ते पूर्वी गोदामाच्या मुनिमाकडे बघत.

पहिल्यांदा साहेबीणबाई बोलल्या. सकाळी देवासारखे काचेपाशी येऊन उभे राहतात बिचारे, त्यांना उपाशी ठेवून आपण नाश्ता करायचा हे मनाला पटेना. एवढीशी चिमूट टाकायच्या त्या, रोज. मग लेकीने कबूल केलं की कामावरून आल्यावर तीही टाकायची, दिवसभरातली तेवढीच एक गोष्ट तिला डाव्या हाताने जमत होती. मावशी फरशीचं फडकं पिळत दारात उभ्या होत्या. त्यांनी आधी छताकडे पाहिलं आणि मग साहेबांना सांगितलं की मासे माझ्याकडे असं टक लावून बघतात, मला वाटलं घरात कुणी देतच नसेल.

मापसाहेबांनी काटा आणला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर दुकानातून आणलेला नवा डबा उघडला गेला आणि चारही जणांना आपापली चिमूट टाकायला सांगण्यात आलं. साहेबीणबाईंची चिमूट पाव ग्रॅमची निघाली. मावशींची, कामाच्या हाताची, अर्ध्या ग्रॅमची. लेकीने डाव्या हाताने टाकली ती जवळजवळ पाऊण ग्रॅम भरली आणि शिवाय टेबलावर सांडली. मापसाहेबांनी आपला एक ग्रॅम तोलून ठेवला. मग दुकानवालीने दोन बोटांच्या टोकांनी जेमतेम दिसेल एवढं उचललं आणि काट्यावर सोडलं. काट्याने विचार केल्यासारखं करून एक दशांश ग्रॅम दाखवला.

"एवढं सतरा माशांनाही पुरलं असतं," ती म्हणाली. "बाकीचं ते खात नाहीत. ते कुजतं आणि शेवाळाच्या तोंडी जातं. तुम्ही चौघांनी मिळून शेवाळ पाळलंय. आणि फार छान पाळलंय."

साहेबीणबाईंना हसू आवरेना. लेकही हसली, मावशीही. मापसाहेब हसले नाहीत, पण त्यांनी आपला एक ग्रॅम परत डब्यात ओतला आणि डबा आपल्या कपाटात कुलूपबंद केला.

जाताना तिने नियम घालून दिले. आठवडाभर मासे सावरू द्यायचे, तोवर दुसरं काही नाही. मग तीन दिवस टाकी चादरीने पूर्ण झाकायची, हवा चालू, खाणं बंद, आणि कुणी डोकावायचं नाही. त्यानंतर दिवा सहा तास, पाणी आठवड्याला पाव टाकी, खाणं एक दिवसाआड तिने दाखवलं तेवढं. तिच्या दुकानातून नवी तरंगती पानं आणून सोडायची, ती वरून सावली देतात आणि शेवाळाच्या तोंडचा घास पळवतात. एवढ्यावर किती दिवसांत फरक पडेल, असं मापसाहेबांनी विचारलं. तिने खांदे उडवले. झाडं ठरवतील, म्हणाली.

त्याच आठवड्यात फोन आला. लेकीने फोटो शोधायला मोबाइल हातात घेतला, तर मापसाहेबांनी तो तिच्या हातातून काढून घेतला आणि स्वतः बोलायला बसले. जावयाशी सलग इतकं ते कधीच बोलले नव्हते. दिवा, पानं, स्पंज, एक ग्रॅम, सगळं क्रमाने सांगितलं. फोटो जुने होते हेही सांगितलं. शेवटी म्हणाले, "तुमचे तीन मासे माझ्या हातून गेले."



"माझ्या हातून पहिल्या वर्षी अठ्ठावीस गेले होते, बाबा," जावई म्हणाला. "आणि फोटो जुने आहेत हे कळलं होतं मला. आधीच्या दोन्ही फोटोंत खोडामागून एकाच माशाची शेपटी दिसत होती. मला त्याच्या तब्येतीची काळजी वाटायला लागली होती."

मग त्याने सांगितलं की आपण जातानाच नीट लिहून द्यायला हवं होतं. चिमूट म्हणजे किती, हे आपल्या बोटांना माहीत होतं, ते कागदावर कसं उतरवायचं हे कळलं नाही. मापसाहेबांनी न राहवून विचारलं की बोटीवर काटा ठेवत नाहीत का. ठेवतात की, तो म्हणाला. चांगला पितळी काटा आहे. पण बोट डोलली की तोही डोलतो. शंभर ग्रॅम मीठ कधी ऐंशी भरतं, कधी सव्वाशे. तिथे काट्यावर विश्वास ठेवला तर बावीस माणसं उपाशी उठतील. मग हातालाच शिकवावं लागतं.

काटा स्थिर राहणार नाही अशी जागा जगात असू शकते, हे मापसाहेबांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

"हाताला शिकायला किती दिवस लागतात?" त्यांनी विचारलं.

"अंदाजे दोन वर्षं."

आणि त्या शब्दाचं त्यांना या वेळी काही वाटलं नाही.

ते तीन दिवस घरातल्या सगळ्यांना जड गेले. टाकीवर जुनी निळी चादर पडली, तिच्या कडा मापसाहेबांनी कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी बंद केल्या. सवयीने सगळे तिथे थांबायचे आणि चादरीकडे बघून पुढे जायचे. मापसाहेब वर्तमानपत्र घेऊन समोरच बसत. दुसऱ्या दिवशी दुपारी ते जेवायला उठले तेवढ्यात साहेबीणबाईंनी चादरीचं टोक उचललं. मापसाहेब आतूनच, वळून न बघता, म्हणाले की एक चिमटा काढल्याचा आवाज आला. साहेबीणबाईंनी टोक सोडून दिलं.

चौथ्या दिवशी चादर काढली, तेव्हा पाणी हिरवं नव्हतं. गढूळ होतं, पिवळट होतं, पण मागचं खोड दिसत होतं. चौदा मासे होते. लेकीने मोठ्याने मोजले, मग साहेबीणबाईंनी मोजले आणि मग मापसाहेबांनी बोट काचेला न लावता दोनदा मोजले.

पुढचं काही झटपट झालं नाही. नेच्यांची शेवाळलेली पानं कापावी लागली आणि खोड उघडंबोडकं दिसायला लागलं. केस पुन्हा आले, कमी आले, मग आणखी कमी. दुकानवालीने तांदळाएवढी पारदर्शक कोळंबी आणून सोडली, ती दिवसभर पानं पुसत बसे आणि मावशी तिच्याकडे कौतुकाने बघत, म्हणत की हिला पगार द्यायला हवा. मापसाहेबांनी शेवाळ तोलणं सोडून दिलं. आधी ते दर तासाला टाकीपाशी जाऊन काय बदललं ते बघत. काही बदललेलं नसे. मग ते नुसतेच बसू लागले. एका संध्याकाळी लेक घरी आली तर ते हात मांडीवर ठेवून टाकीकडे बघत होते. काय चाललंय असं तिने विचारलं, तेव्हा म्हणाले की ते डावीकडचं लाल देठ परवापासून वाकतंय, उजेडाकडे, आणि ते वाकताना दिसत मात्र नाही. लेक त्यांच्या शेजारी बसली. जिन्यावरून पडल्यापासून ती आणि बाबा इतका वेळ एका जागी बसले नव्हते.

जावई आला तेव्हा लेकीचं प्लास्टर निघालं होतं. बारीक झालेला तो हात तिने दारातच त्याला दाखवला. साहेबीणबाईंनी त्याच्या पुढ्यात चहा ठेवला. तो एका हाताने बायकोचं मनगट धरून, दुसऱ्या हातात कप घेऊन टाकीसमोर उभा राहिला. पाणी स्वच्छ होतं. खोडावर नेच्यांना नखाएवढी नवी पानं फुटली होती. तरंगत्या पानांच्या सावलीत मासे संथ फिरत होते. कोपऱ्यातल्या एका दगडावर मखमलीसारखा हिरवा थर उरला होता. मापसाहेबांनी घसा साफ करून सांगितलं की तेवढं राहिलंय, किती प्रयत्न केला तरी जात नाही.

जावई वाकून दगडाकडे बघत म्हणाला की तेवढं असू द्या, कोळंबी चरायला जाते तिथे. मग त्याची नजर मागच्या लाल देठांवर गेली. ती सगळी एका उंचीवर, पट्टी लावल्यासारखी सरळ कापलेली होती.

"हे तुम्ही कापलंत, बाबा?"

"हो. वीस सेंटिमीटरवर."

जावयाला हसू आलं ते त्याने चहात लपवलं. "छान कापलंय. मी असतो तर पुढची जरा खाली घेतली असती, मागची तशीच ठेवली असती. म्हणजे डोंगरासारखं दिसतं."

"किती खाली?"

जावयाने हात वर केला, हवेतच कुठेतरी थांबवला आणि ओशाळून सासऱ्यांकडे पाहिलं.

मापसाहेब उठले. त्यांनी कपाटातून कात्री आणली, ती जावयाच्या हातात दिली आणि आपल्या शर्टाची बाही दंडापर्यंत गुंडाळली.

"दाखवा," ते म्हणाले.